नाव खोडून वाचा: तांत्रिक चर्चासमूहांतील छुपी जाहिरात ओळखण्याची आणि रोखण्याची पद्धत

एका तांत्रिक चर्चासमूहात प्रश्न येतो: "छोट्या डेटाबेसचा बॅकअप आपोआप घेण्यासाठी तुम्ही काय वापरता? सगळी साधने करून पाहिली, आता कंटाळा आला आहे." तासाभरात एकाचे उत्तर येते की आमच्या टीमचीही हीच अवस्था होती, शेवटी अमुक सेवा घेतली आणि डोक्याचा ताप गेला. थोड्या वेळाने तिसरी व्यक्ती त्याच सेवेला दुजोरा देते, प्रश्नकर्ता आभार मानतो आणि चर्चा तिथेच थांबते. वरवर पाहता यात वावगे काही नाही. मात्र प्रश्न विचारणारा, उत्तर देणारा आणि दुजोरा देणारा हे तिघेही त्या सेवेच्या विक्रीसाठी नेमलेले असतील, किंवा ती तिन्ही खाती एकच माणूस चालवत असेल, तर वाचकाने चर्चा म्हणून जे वाचले ती प्रत्यक्षात आधीच लिहून ठेवलेली संहिता होती.

अशा समूहांची देखरेख करणारे मॉडरेटर आणि समूहाची काळजी वाटणारे जुने सदस्य यांच्यासाठी ही पद्धत क्रमाने मांडली आहे. क्रमाला महत्त्व आहे. नियम स्पष्ट करण्याआधीच लोकांवर संशय घ्यायला सुरुवात केली, तर जाहिरातीने झाले नसते इतके नुकसान संशयाने होते.

## पहिली पायरी: नेमके काय रोखायचे ते ठरवणे

स्वतः तयार केलेल्या साधनाबद्दल बोलणे हा गुन्हा नाही. तांत्रिक समूहांतील कितीतरी उत्तम उत्तरे ते साधन लिहिणाऱ्यांनीच दिलेली असतात, कारण त्याचे अंतरंग त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. रोखायचे आहे ते संबंध लपवणे. "हे मी बनवले आहे" असे सांगून केलेली शिफारस आणि "मला हे सहज सापडले" असे भासवून केलेली शिफारस यांत मजकूर अक्षरशः सारखा असला, तरी वाचकाने त्याला द्यायचे वजन वेगळे असते. ते वजन ठरवण्याचा वाचकाचा अधिकार काढून घेणे हीच छुप्या जाहिरातीतील फसवणूक आहे.

ही कल्पना जुनी आहे. लोकांचा उत्स्फूर्त पाठिंबा असल्याचा देखावा उभा करण्याला इंग्रजीत कृत्रिम गवताच्या एका ब्रँडवरून 'ॲस्ट्रोटर्फिंग' म्हणतात, आणि अमेरिकी सिनेटर लॉइड बेंट्सन यांनी १९८५ मध्येच तो शब्द या अर्थाने वापरला होता. तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातही याची नोंद झालेली उदाहरणे आहेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१० मध्ये रिव्हर्ब कम्युनिकेशन्स या जनसंपर्क कंपनीवर कारवाई केली, कारण तिच्या कर्मचाऱ्यांनी सामान्य ग्राहक असल्याचे भासवून ॲपलच्या आयट्यून्स स्टोअरवर आपल्याच ग्राहक कंपन्यांच्या गेमचे कौतुक लिहिले होते. तैवानच्या फेअर ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये सॅमसंगला १ कोटी तैवानी डॉलरचा दंड केला. पैसे देऊन स्वतःची स्तुती आणि एचटीसी या प्रतिस्पर्ध्याची निंदा ऑनलाइन लिहवून घेतल्याचा ठपका तिच्यावर होता. दुसरे उदाहरण मुद्दाम लक्षात ठेवावे, कारण छुपी जाहिरात म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फक्त स्तुती येते आणि विकत घेतलेली निंदा नजरेतून सुटते.

कायद्याची भूमिकाही बऱ्यापैकी स्पष्ट आहे. युरोपीय संघाच्या २००५ च्या अनुचित व्यापारी प्रथांविषयीच्या निर्देशात, व्यापाऱ्याने आपण ग्राहक असल्याचे भासवणे हे कोणत्याही परिस्थितीत निषिद्ध असलेल्या प्रथांच्या यादीत आहे. अमेरिकेत बनावट अभिप्रायांवर बंदी घालणारा नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. तरीही मॉडरेटरने कायद्यावर विसंबून राहू नये. कायदा मोठ्या कंपन्यांपर्यंत पोहोचायला वर्षे लागतात, आणि चार लोकांच्या स्टार्टअपपर्यंत तो बहुधा पोहोचतच नाही.

यात खरे नुकसान कोणाचे होते हेही इथेच समजून घ्यावे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, चांगली गाडी आणि खराब गाडी यांतील फरक ग्राहकाला ओळखता येत नसेल, तर तो दोन्हींना सरासरी भाव देतो, त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही म्हणून चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात, आणि मागे खराब गाड्याच उरतात. चर्चासमूहात नेमके हेच घडते. दोन वर्षे एखादे साधन वापरून, त्याच्या खाचाखोचा अनुभवून, रात्री वेळ काढून लिहिणाऱ्या माणसाच्या उत्तराकडेही "हाही जाहिरातच करतोय" अशा नजरेने पाहिले जाऊ लागले की तो लिहिणे थांबवतो. जाहिराती वाढल्यामुळे दर्जा घसरला असे आपण म्हणतो. पण घसरण होते ती प्रामाणिक अनुभवाची किंमत गेल्यामुळे.

## दुसरी पायरी: नमुने ओळखायला शिकणे

सर्वांत ढोबळ नमुना म्हणजे सुरुवातीला दिलेली प्रश्नोत्तरांची जोडी. अनुभवी मॉडरेटरच्या नजरेत तो लवकर भरतो, कारण त्यातील प्रश्न विचित्र पद्धतीने नेमका असतो: उत्तरात ज्या तीन गुणांचे कौतुक होणार असते, तेच तीन गुण प्रश्नकर्त्याला आधीच हवे असतात.

त्याहून सूक्ष्म नमुना आहे तो स्थलांतराच्या कथेचा. "आम्ही अमुक सोडून तमुककडे का वळलो" या प्रकारचे लेखन तांत्रिक वाचकांना मनापासून आवडते, कारण त्यात निर्णयामागील कारणे वाचायला मिळतात. म्हणूनच त्याची नक्कल सर्वाधिक होते. खऱ्या स्थलांतरात जुन्या साधनाबद्दल थोडी हळहळ असते, नव्या साधनाबद्दल थोडी तक्रार असते, आणि मधल्या काळात झालेल्या एखाद्या गोंधळाचे वर्णन असते. बनावट कथेत जुने सगळे वाईट, नवे सगळे चांगले आणि मधला काळ रिकामा असतो.

तिसरा प्रकार तुलनात्मक याद्यांचा. पाच साधनांची तुलना केलेली असते, चार सर्वपरिचित असतात आणि पाचवे कोणी ऐकलेलेही नसते. ते पाचवे नाव त्या पंक्तीत बसवणे एवढाच यादीचा हेतू असतो. चौथा प्रकार नंतरच्या संपादनाचा: निरुपद्रवी, उपयोगी पोस्ट टाकायची, तिला मते मिळू द्यायची, आणि काही आठवड्यांनी संपादन करून तिच्यात लिंक घालायची. संपादनाचा इतिहास न पाहणाऱ्या समूहात हे वर्षानुवर्षे खपते.

पण अलीकडे सर्वाधिक लक्ष द्यावे असा प्रकार वेगळाच आहे, आणि त्याचे कारण समूहाच्या बाहेर आहे. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या, शांत झालेल्या चर्चेत अचानक एक नवी प्रतिक्रिया येते: "उशिरा लिहितो आहे, पण इथे पोहोचणाऱ्यांसाठी सांगतो, आता अमुक साधन हे काम उत्तम करते." समूहातील कोणीही ती वाचत नाही, म्हणून कोणी तक्रारही करत नाही. ती प्रतिक्रिया समूहासाठी नसतेच. ती शोधयंत्रातून येणाऱ्या वाचकासाठी आणि चर्चांवरून शिकणाऱ्या, चॅटजीपीटीसारख्या भाषिक मॉडेलांसाठी लिहिलेली असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये रेडिटने आपला मजकूर वापरू देण्याचा करार गूगलशी केला, त्याच वर्षी मे महिन्यात चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयशी केला. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळानेही मे २०२४ मध्ये ओपनएआयशी भागीदारी जाहीर केली. माणसांच्या चर्चेला अशी किंमत आल्यावर, त्या चर्चेत एक वाक्य घुसवण्यालाही किंमत येणारच. तेव्हा जुन्या चर्चांवरील नव्या प्रतिक्रिया आठवड्यातून एकदा वेगळ्या काढून वाचण्याची सवय लावावी. सहा महिन्यांहून जुन्या चर्चेत नव्या खात्याने लिंकसह लिहिलेले काहीही आधी मॉडरेटरकडे जावे, अशी व्यवस्था तर पहिल्याच दिवशी करावी.

## तिसरी पायरी: नाव खोडून वाचणे

संशयास्पद उत्तर समोर आले की लिहिणारा कोण, हा प्रश्न बाजूला ठेवावा. त्या उत्तरातील उत्पादनाचे नाव आणि लिंक मनातल्या मनात खोडावी आणि उरलेला मजकूर वाचावा.

समजा उत्तर असे आहे: "वर्षभर वेगवेगळी साधने वापरून आम्ही हैराण झालो होतो. शेवटी 'अ' घेतले आणि सगळे सुरळीत झाले. सेटअप पाच मिनिटांत झाला, सपोर्ट उत्तम आहे, किंमत वाजवी आहे." नाव खोडल्यावर यात काहीच उरत नाही. 'अ'च्या जागी जगातील कोणतीही सेवा ठेवली तरी प्रत्येक वाक्य तसेच चालते.

आता दुसरे उत्तर पाहा: "आमचा पोस्टग्रेस डेटाबेस साधारण ४० जीबीचा आहे. रात्रीचा पूर्ण डंप चालू असताना टेबलची रचना बदलणारी मायग्रेशन अडकून पडत होती, म्हणून आम्ही डब्ल्यूएएल (डेटाबेसमधील बदलांची क्रमवार नोंद) साठवण्याकडे वळलो. त्यासाठी 'ब' वापरतो. पहिल्यांदा रिस्टोअर करून (बॅकअपमधून डेटा परत आणून) पाहिले, तेव्हा लक्षात आले की एन्क्रिप्शनची किल्ली ज्या सर्व्हरचा बॅकअप घेत होतो त्याच सर्व्हरवर ठेवली होती." 'ब' खोडले तरी वाचकाच्या हाती तीन गोष्टी राहतात: डंप आणि मायग्रेशन एकमेकांना अडवू शकतात, त्यावर डब्ल्यूएएल हा मार्ग आहे, आणि किल्ली वेगळ्या ठिकाणी ठेवावी. हे उत्तर 'ब' बनवणाऱ्यानेच लिहिलेले असले तरी समूहाने ते ठेवावे; फक्त संबंध जाहीर करायला सांगावा. पहिले उत्तर मात्र एखाद्या निष्पाप ग्राहकाने लिहिलेले असले तरी ते समूहाच्या फारसे कामाचे नाही.

या कसोटीचा मोठा फायदा असा की ती माणसाच्या हेतूचा निवाडा करत नाही. हेतू सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते, मजकुराची उपयुक्तता मात्र सर्वांसमोर उघड असते. तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. भाषिक मॉडेलाला सांगितले तर ते आवृत्तीचे क्रमांक, आकडे आणि एखादी खोटी अडचणही सहज रचून देते. म्हणून तपशील दिसला की विश्वास ठेवण्याऐवजी त्यावर पुढचा प्रश्न विचारावा, आणि तो प्रत्यक्ष वापर केलेल्यालाच उत्तर देता येईल असा असावा: रिस्टोअरला किती वेळ लागला, मध्येच नेटवर्क तुटले तर ते कुठून पुन्हा सुरू होते, सेवा सोडायची असेल तर आपला डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळतो. शेवटचा प्रश्न मला विशेष उपयोगी वाटतो. विक्रीची संहिता लिहिणाऱ्याने ग्राहक येण्याचा विचार केलेला असतो, जाण्याचा नसतो.

## चौथी पायरी: खाते आणि लिंक तपासणे

मजकुराच्या कसोटीत नापास झालेल्या उत्तरांसाठीच ही पायरी आहे. प्रत्येक नव्या सदस्याची उलटतपासणी करण्यासाठी नाही.

खात्याच्या इतिहासात तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, खाते जुने असूनही बराच काळ निष्क्रिय होते आणि अचानक एकाच विषयावर बोलू लागले का, कारण जुनी खाती विकत घेतली जातात. दुसरी, वेगवेगळ्या चर्चांत तेच एक उत्पादन येते का. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत बोलकी, वेगवेगळ्या चर्चांत प्रश्नकर्ता आणि उत्तरदाता यांची तीच जोडी पुन्हा दिसते का. एक खाते शंभर कारणांनी विचित्र वागू शकते. दोन खाती तीन वेळा योगायोगाने भेटत नाहीत. रेडिटने २०२५ मध्ये सदस्यांना प्रोफाइलवरील स्वतःच्या पोस्ट लपवण्याची सोय दिली आहे, त्यामुळे अशा ठिकाणी सामान्य वाचकाला ही तपासणी करणे अवघड झाले आहे आणि मॉडरेटरवरील जबाबदारी वाढली आहे.

लिंक तपासताना पत्त्यातील प्रश्नचिन्हानंतरचा भाग वाचावा. तिथे 'यूटीएम'ने सुरू होणारे शब्द असतील, तर कोणीतरी त्या लिंकवरून येणारी रहदारी मोजत आहे; विक्रीवर मोबदला देणारा संकेतांक असेल तर तोही बहुधा तिथेच सापडतो. यूटीएम हा मात्र कच्चा पुरावा आहे, कारण वृत्तपत्रिकेतून आलेली लिंक कोणीही तशीच चिकटवतो. लहान केलेल्या लिंकवर सरसकट बंदी घालावी. तांत्रिक चर्चेत त्यांची काहीच गरज नसते. संकेतस्थळाचे नाव कधी नोंदवले गेले हेही सार्वजनिक नोंदीत पाहता येते. "दोन वर्षांपासून वापरतो आहे" असे सांगितलेली सेवा चार महिन्यांपूर्वी जन्मलेली असेल, तर आणखी शोधण्याची आवश्यकता नाही.

कोणत्या गोष्टी पुरावा नाहीत, हे तितक्याच काटेकोरपणे ठरवावे. खाते नवे असणे हा पुरावा नाही. प्रत्येक सदस्य कधीतरी नवा होता. उत्साह हा पुरावा नाही. गुळगुळीत, निर्जीव इंग्रजी हाही पुरावा नाही, कारण ज्यांची ती मातृभाषा नाही असे अनेक जाणकार आपला मजकूर मॉडेलाकडून सुधारून घेतात. आणि समूहाबाहेर जाऊन कोणाचे खरे नाव, नोकरी किंवा घरचा पत्ता खणून काढणे हे कोणत्याही परिस्थितीत करू नये. जाहिरात रोखण्यासाठी एखाद्याचा खासगीपणा मोडणे ही फार महाग किंमत आहे.

## पाचवी पायरी: आधी खासगीत विचारणे

एका तांत्रिक समूहाची देखरेख करताना मी केलेली चूक इथे सांगतो. एका नव्या सदस्याने आठवडाभरात तीन उत्तरांत एकाच ओपन सोर्स साधनाची शिफारस केली. मी सर्वांसमोर लिहिले की ही जाहिरात दिसते. तो विद्यार्थी होता आणि त्याला ते एकच साधन येत होते. त्याने काही वाद घातला नाही. आपली तिन्ही उत्तरे पुसली आणि निघून गेला. त्या तीनपैकी एका प्रश्नाला त्याच्याशिवाय कोणीही बरोबर उत्तर दिलेले नव्हते.

हॅकर न्यूज या तांत्रिक चर्चांच्या संकेतस्थळाच्या मार्गदर्शक सूचनांत हेच शहाणपण आहे: छुप्या प्रचाराचे आरोप चर्चेत करू नका, शंका असेल तर मॉडरेटरांना ईमेल करा, ते तपासतील. सार्वजनिक आरोपाने विषय कायमचा भरकटतो आणि खरा जाहिरातदार सावध होतो. म्हणून पहिला संदेश खासगी असावा आणि त्यात आरोप नसावा. मी पुढे वापरू लागलो तो मजकूर साधारण असा आहे:

"नमस्कार. आपल्या अलीकडच्या उत्तरांत 'अ' या सेवेचा उल्लेख अनेकदा आला आहे. नोकरी, भागीदारी, मोबदला अशा कोणत्याही प्रकारे आपला तिच्याशी संबंध असल्यास तो प्रत्येक उत्तरात एका वाक्यात नमूद करावा, असा आमचा नियम आहे. संबंध नसल्यास तसे कळवावे. दोन्ही बाबतींत, ही सेवा आपण कोणत्या कामासाठी वापरता आणि तिथे काय अडले, हे जोडलेत तर वाचकांना मोठा उपयोग होईल."

यावर प्रामाणिक माणूस बहुतेक वेळा उत्तर देतो आणि पोस्ट सुधारतो. स्वतःचे साधन घेऊन आलेले अनेक जणही संकोचून कबूल करतात, कारण त्यांना फसवायचे नसते, नियम ठाऊक नसतो. अशांना सांभाळून घ्यावे; पुढे ते समूहाचे चांगले सदस्य होतात. उत्तर न देता नव्या खात्याने परत येणाऱ्यांसाठी मात्र कोणतीही सवलत ठेवू नये. ती सर्व खाती बंद करावीत, मजकूर काढावा आणि त्या संकेतस्थळाच्या लिंकवरच प्रतिबंध लावावा, कारण खाते पुन्हा फुकट उघडता येते, जुने संकेतस्थळ सोडून नव्याने ओळख मिळवणे तितके सोपे नसते.

## सहावी पायरी: नियम नेमक्या शब्दांत लिहिणे

"स्वप्रसिद्धी करू नये" हा नियम निरुपयोगी आहे. तो प्रामाणिक निर्मात्याला गप्प करतो आणि लपवणाऱ्याला अधिक चांगले लपवायला शिकवतो. त्याऐवजी असे लिहावे: "ज्या उत्पादनाचा किंवा प्रकल्पाचा उल्लेख करत आहात, त्यातून तुम्हाला पगार, मोबदला, समभाग, सवलत किंवा श्रेय यांपैकी काहीही मिळत असेल, तर ते त्याच पोस्टमध्ये, उल्लेखाच्या आधी, एका वाक्यात सांगा. प्रोफाइलमध्ये लिहिलेले पुरेसे नाही. उत्पादनाचे नाव काढले तरी उत्तर उपयोगी राहिले पाहिजे."

काही समूह प्रमाण ठरवून देतात. रेडिटवर फार पूर्वीपासून दहातील एकच योगदान स्वतःबद्दल असावे असा संकेत होता. लॉबस्टर्स या समूहात स्वप्रसिद्धी आपल्या पोस्ट आणि प्रतिक्रियांच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी असावी असा दंडक आहे. प्रमाण मोजायला सोपे असते, पण केवळ प्रमाणावर भिस्त ठेवण्याला माझा ठाम विरोध आहे. एक जाहिरात करण्यासाठी नऊ इतर प्रतिक्रिया लागतात हे कळले, की जाहिरातदार त्या नऊ प्रतिक्रिया उत्पादित करतो: "छान मांडणी", "माझाही असाच अनुभव", "हे बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे". भाषिक मॉडेलांमुळे त्या आता फुकट मिळतात. समूहात पोकळ बोलणे वाढले अशी तक्रार आपण करतो, त्यातील काही पोकळपणा आपल्याच नियमाने मागवलेला असतो. प्रमाण ठेवायचेच असेल, तर ते नाव खोडूनही उरणाऱ्या उत्तरांचे मोजावे.

निर्मात्यांना उघडपणे बोलण्यासाठी स्वतंत्र जागाही द्यावी. हॅकर न्यूजवर स्वतः बनवलेल्या गोष्टी दाखवण्यासाठी 'शो एचएन' ही वेगळी सोय आहे आणि तिथे दाखवणाऱ्याने प्रश्नांना उत्तरे द्यावीत अशी अपेक्षा असते. पुढचा दरवाजा उघडा असेल तर मागच्या दाराने येणाऱ्याला निमित्त उरत नाही.

## सातवी पायरी: रचनेतच अडथळे ठेवणे

मनुष्यबळ अपुरे असते, म्हणून शक्य तेवढे काम यंत्रणेवर सोपवावे. चर्चासमूह चालवण्याच्या डिस्कोर्स या ओपन सोर्स प्रणालीत विश्वासाच्या ० ते ४ अशा पातळ्या आहेत. नव्या सदस्याला एका पोस्टमध्ये मोजक्याच लिंक देता येतात, आणि वाचन व सहभाग वाढला की मुभा वाढते. लॉबस्टर्समध्ये आमंत्रणाशिवाय प्रवेश नाही आणि कोणी कोणाला आणले हे सर्वांना दिसते, त्यामुळे बनावट खात्यांची साखळी सापडली की तिचे मूळही सापडते. सदस्यांनी दिलेल्या लिंकना 'नोफॉलो' (ही लिंक क्रमांकात धरू नये) किंवा २०१९ मध्ये गूगलने आणलेली 'यूजीसी' (सदस्यांनी लिहिलेला मजकूर) ही खूण लावावी, म्हणजे केवळ शोधयंत्रातील क्रमांकासाठी येणाऱ्यांचा लाभ कमी होतो. पोस्ट केल्यापासून काही मिनिटांत त्याच ठरावीक खात्यांकडून येणारी मते बाजूला ठेवून तपासावीत.

## आठवी पायरी: यंत्रलिखित मजकुराबद्दल धोरण

स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटीने लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घातली. कारण साधे होते: ती उत्तरे खात्रीशीर वाटत, अनेकदा चूक असत, आणि तपासणाऱ्यांच्या वेगापेक्षा कितीतरी अधिक वेगाने येत. पुढे संशयावरून ती काढण्याच्या मॉडरेटरांच्या अधिकारावर कंपनीने मर्यादा आणल्या, तेव्हा जून २०२३ मध्ये अनेक मॉडरेटरांनी काम थांबवले. या वादात दोन्ही बाजूंची अडचण खरी होती. यंत्राने लिहिले आहे का हे सांगणारी साधने भरवशाची नाहीत, आणि काहीच न करणे म्हणजे समूह बुडू देणे.

एप्रिल २०२५ मध्ये उघड झालेला प्रकार अधिक गंभीर आहे. झुरिक विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी रेडिटवरील 'चेंज माय व्ह्यू' या समूहात सदस्यांना न सांगता यंत्रलिखित प्रतिक्रिया हजाराहून अधिक संख्येने टाकल्या होत्या, आणि त्यांतील काहींनी आघातग्रस्तांच्या समुपदेशकासारख्या खोट्या ओळखी धारण केल्या होत्या. समूहाला ते महिनोन्महिने कळले नाही. त्याआधी, मार्च २०२४ मध्ये सॉफ्टवेअर अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या संपीडन साधनातील मागचा दरवाजा, म्हणजे गुपचूप प्रवेशासाठी घातलेला कोड, शोधला, तेव्हा मागील ईमेल तपासताना दिसले की थकलेल्या देखभालकर्त्याने नव्या माणसाला अधिकार द्यावेत म्हणून अनेक अनोळखी नावांनी त्याच्यावर दबाव आणला होता. ती नावे बनावट असावीत असे मानले जाते. तिथे विक्री नव्हती, पण तंत्र तेच होते: नसलेली गर्दी उभी करायची.

यातून व्यवहारात असे धोरण घ्यावे. "यंत्राने लिहिले" या कारणाने कारवाई करू नये. "लिहिणाऱ्याने दावा केलेला अनुभव त्याला पुढच्या प्रश्नात सांगता आला नाही" या कारणाने करावी. न घेतलेला अनुभव घेतल्याचे सांगणे हा स्वतंत्र नियमभंग मानावा, मग तो हाताने लिहिलेला असो वा यंत्राने.

## नववी पायरी: चर्चेचा दर्जा परत आणणे

जाहिराती काढल्या म्हणून चर्चा आपोआप सुधारत नाही. रिकाम्या झालेल्या जागेत काय यावे हे ठरवावे लागते, आणि मॉडरेटर इथेच सर्वाधिक कमी पडतात.

प्रश्नापासून सुरुवात करावी. "कोणते साधन चांगले?" हा प्रश्न स्वतःच जाहिरातीला दिलेले आमंत्रण आहे. शिफारस मागणाऱ्याने आपले काम, डेटाचा आकार, अडचण, आधी काय करून पाहिले आणि ते का जमले नाही, हे लिहिल्याशिवाय प्रश्न प्रसिद्ध होऊ नये. एवढ्या तपशिलावर संहिताबद्ध उत्तर बसवणे कठीण जाते, आणि जाणकारालाही उत्तर लिहावेसे वाटते.

दुसरे म्हणजे प्रश्नकर्त्याला परत बोलवावे. महिन्याभराने त्याला आठवण पाठवून शेवटी काय केले आणि कसे झाले हे विचारावे. माझ्या अनुभवात याइतका उपयोगी उपाय दुसरा नाही. फसलेल्या निवडीचे प्रामाणिक वर्णन पुढच्या वाचकासाठी दहा शिफारशींहून मोलाचे असते, आणि बनावट प्रश्नकर्ता त्यासाठी सहसा परत येत नाही. समूहाची प्रकृती मोजायची असेल तर पोस्टची संख्या मोजू नये. किती प्रश्नकर्ते निकाल सांगायला परत आले हे मोजावे.

जुन्या जाणकारांना कशाचा थकवा येतो हेही त्यांनाच विचारावे. बहुतेकांचे उत्तर जाहिरात हे नसते. तेच प्राथमिक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात आणि नीट लिहिलेल्या उत्तरावर कोणी काही बोलत नाही, हे असते. चांगल्या उत्तरांचा मासिक संग्रह करणे, लिहिणाऱ्याच्या परवानगीने ती कायमस्वरूपी पानावर नेणे, आणि पुढे तो प्रश्न आला की त्याच्या नावासह तिकडे पाठवणे, एवढ्याने बराच फरक पडतो.

## शेवटची पायरी: निर्णयांची नोंद आणि फेरतपासणी

प्रत्येक कारवाईची एका ओळीची नोंद ठेवावी: कोणती पोस्ट, कोणता नियम, कोणते पुरावे, कोणी निर्णय घेतला, खासगी संदेशाला उत्तर आले का. खाते बंद करण्यासाठी दोन मॉडरेटरांची संमती लागावी. नोंदींचा सारांश, नावे वगळून, सदस्यांना दर तीन महिन्यांनी दाखवावा, म्हणजे काय चालते आणि काय चालत नाही याचा अंदाज सर्वांना येतो.

सहा महिन्यांनी बंद केलेल्या खात्यांची यादी, मूळ निर्णय घेणारा सोडून दुसऱ्या कोणीतरी, पुन्हा वाचावी. पुरावा अपुरा होता असे दिसले तर खाते उघडावे, काढलेली उत्तरे त्यांच्या मूळ तारखेसह जागेवर ठेवावीत आणि त्या व्यक्तीला लिहून कळवावे की चूक आमची होती. आरोप सर्वांसमोर केला गेला असेल, तर ही कबुलीही त्याच चर्चेत, त्याच आरोपाच्या खाली लिहावी.